कुरेनेकर

"पण फादर, दुःख वाटून घेतलं, तर ते अर्पण कसलं?"

ब्रदर सिप्रियन टेकडीच्या पायथ्याशी उभा होता. खांद्यावर बाभळीचा क्रूस. देवळात हलक्या लाकडाचा एक क्रूस होता, पण तो त्याला चालला नव्हता.

फादर अंब्रोज दगडावर बसून कैरी खात होते. मीठ-तिखट लावून.

उपवासकाळ चालू होता. माझं वय उपासाच्या पुढे गेलंय, असं ते भेटेल त्याला आनंदानं सांगत.

सिप्रियन सेमिनरीतून वर्षभरासाठी त्यांच्याकडे शिकायला आला होता. त्याचं नाव एका रक्तसाक्षीचं, आणि त्याची इच्छाही तीच. विश्वासासाठी आपलं रक्त सांडायचं. तो जमिनीवर झोपे. बुटात खडा घालून चाले.

"खडा काढ," फादर एकदा म्हणाले होते. "टेकडीवर पुष्कळ आहेत. त्यांना वाईट वाटेल."

सिप्रियननं खडा काढला नव्हता.

गुड फ्रायडेला या टेकडीवर क्रूसाची वाट करत, म्हणजे येशूच्या शेवटच्या चालण्याचा देखावा. यंदा येशू सिप्रियन होणार होता. येशू क्रूस घेऊन चालला, तेव्हा शिपायांनी शेतावरून येणाऱ्या एका माणसाला धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याचं नाव शिमोन कुरेनेकर.

शिमोनाचं काम गावात निर्मळांच्या घराकडे. आजोबांपासून. इतकं, की त्यांना निर्मळ कोणी म्हणत नाही. पोस्टमनसुद्धा विचारतो, कुरेनेकर कुठे राहतात?

याकोब कुरेनेकर धान्याच्या मोंढ्यात हमाल होता. नाताळात त्याची पाठ गेली. त्याला मुलगा नाही. मुलगी आहे, रिबका.

रिबका आली आणि म्हणाली, यंदा मी उचलते.

दाविदमामांनी नाही सांगितलं. देवळाच्या कमिटीत दाविदमामा सगळ्यात जुने, आणि नाही म्हणण्याचा त्यांचा अनुभव दांडगा. शिमोन पुरुष होता, त्याला मिशा होत्या, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मिशा बायबलात कुठे आहेत, मामा?"

"असणारच."

"मग मी चिकटवते."

त्यांनी तिला वेरोनिकेचं काम देऊ केलं. वेरोनिका येशूचा चेहरा पुसते. बाईमाणसानं रुमाल घेऊन कडेला उभं राहावं, हे बरं दिसतं. रिबकानं रुमालाची नीट घडी घातली आणि तो मामांच्या हातात परत दिला.

सिप्रियन मात्र खूश होता. शिमोनच नको. पायथ्यापासून माथ्यापर्यंत क्रूस त्याचा एकट्याचा.

आज तालीम होती. आणि निकाल फादरांनी द्यायचा होता.

"येशूचं दुःख मला पुरं हवंय, फादर. मध्ये कोणी नको."

फादर रिबकाकडे वळले.

"रिबका, तुझं काय?"

तिनं बोट दाखवलं. लिंबाखाली तिचा बाप बाजेवर बसला होता. शेजारी त्याची हलगी उताणी पडली होती. नाताळापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

"बाबा वर्षभर लोकांची पोती उचलायचे. ते म्हणायचे, एक दिवस मी येशूचं ओझं उचलतो, म्हणून माझं नाव हमाल नाही, कुरेनेकर. शिमोनच काढून टाकला, तर..."

ती मग दाविदमामांकडे बघत म्हणाली,

"शिमोनाला वेठीला धरलं होतं. मी आपणहून आलेय."

मामा खाकरले.

फादरांनी हात झटकले आणि काठी घेतली.

"चढ, सिप्रियन. एकटा वर पोचलास, तर शिमोन नाही."

सिप्रियन निघाला. पहिल्या वळणापर्यंत छान गेला. संतांच्या तसबिरीत असतं तसलं हसू त्याच्या ओठांवर होतं. मागे फादर, त्यांच्या मागे छत्री उघडून दाविदमामा. रिबका कडेकडेनं.

पुढे मुरमाचा चढ लागला. मुरूम सरकला. सिप्रियनही सरकला.

तो खाली, क्रूस वर.

"हे येशूचं पडणं," तो क्रूसाखालून म्हणाला.

"नाही," फादर म्हणाले. "येशू इथे पडत नाही. हे तुझं."

त्यानं उठायचा प्रयत्न केला. जमेना. पुन्हा केला. बाभूळ हलेना.

रिबका धावली. एक गुडघा टेकला, खांदा लाकडाखाली घातला आणि पाठ ताठ ठेवून उठली. बापाला तिनं पोती उचलताना पाहिलं होतं. क्रूस उचलला गेला. सिप्रियन बाहेर आला, उभा राहिला आणि त्यानं आडवं लाकूड दोन्ही हातांनी पकडलं.

"सोड."

"तुम्ही सोडा."

"माझा आहे तो."

ती चढाकडे ओढत होती, तो उताराकडे. क्रूस मधल्यामध्ये गरगरला. त्याचं टोक दाविदमामांच्या छत्रीला लागलं आणि छत्री उलटी झाली. फादरांना इतकं हसू आलं, की ते काठी सोडून मुरमातच बसले.

"ब्रदर," रिबकाला धाप लागली होती. "तुम्ही येशू ना?"

"हो."

"त्यानं सोडला होता."

सिप्रियननं आपल्या हातांकडे पाहिलं. लाकूड त्यांनी आवळून धरलं होतं. चोरानं धरावं तसं.

त्यानं बोटं उघडली.

क्रूस रिबकाच्या खांद्यावर बसला. तिनं तो जरा वर सरकवला आणि चालू लागली.

खाली लिंबाखाली हलगी एकदा वाजली. थांबली. पुन्हा वाजली, आणि मग थांबेचना. याकोबनं टेकडीवर पाहिलं होतं. ठेका वरातीचा होता.

"दुःखाच्या वाटेवर हलगी?" दाविदमामा उलटी छत्री धरून म्हणाले. काही वेळानं छत्री ठेक्यावर हलायला लागली.

रिबकाचा वेग वाढला. वळण गेलं. आता क्रूस आभाळावर दिसत होता, नाचल्यासारखा. वरून तिनं खाली ओरडून काहीतरी सांगितलं. वाऱ्यानं सगळं नेलं. एवढंच ऐकू आलं, "...कुरेनेकर!"

सिप्रियन जागेवर उभा होता. त्याचा खांदा सोलवटला होता. थोडं रक्तही आलं होतं. ते त्याला दिसलं, पण त्यानं ते कोणाला दाखवलं नाही.

तो खाली बसला. बूट काढला. झटकला. खडा टणाटण उड्या मारत उताराला लागला.

तो कुठवर जातो ते सिप्रियन बघत राहिला, आणि हसला. उपवासकाळ लागल्यापासून पहिल्यांदा.

"फादर, माझ्याकडे तर काहीच उरलं नाही. आता मी काय करू?"

फादरांनी उन्हासाठी कपाळाशी हात आडवा धरून माथ्याकडे पाहिलं.

"पळ," ते म्हणाले. "क्रूस वर पोचला. येशूच खाली राहिलाय."