किंकाळी गिळण्याचा वसा

ऐक जिवतीमाय, ऐका सयांनो. आटपाट नगर होतं, तिथल्या घरांना उंच उंबरठे होते. एका घरात गोदा होती, तिला यमू नावाची लहानगी लेक होती. गोदेचा डोळा लागेना. का लागेना? "मी भित्री, माझी आई भित्री. हे भय लेकीच्या रक्तात उतरलं असेल, तर जगात तिचं कसं व्हायचं?" तिनं पोथ्या वाचल्या. एक म्हणे, सगळं रक्तातून येतं. दुसरी म्हणे, सगळं वाढवण्यात असतं. दोन्हींत दोष आईचाच निघाला.

मग यमू उंबरठ्याला अडखळली. तिच्याआधी गोदाच किंचाळली. यमूनं आईचं तोंड पाहिलं नि भोकाड पसरलं. मग पायरीवर पडली, तसंच झालं. मग अंगणात पडली, तसंच झालं. मग उंबरठा दिसला की यमू हात वर करी, "उचल!"

सासू म्हणाली, "आईवर गेली गं बाई! माझा बाळू या वयात चिंचेवर चढायचा." चिंचेवरून पडायचाही, ते काही सासू सांगेना.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. गोदेनं जिवतीचा कागद भिंतीला लावला, आघाड्याची माळ घातली, हात जोडले. "माये, माझं भय हिच्यातनं काढून घे."

कागदावरची जिवती म्हणाली, "बये, रक्तातलं मला काढता येत नाही. तुझं नाक तिच्यात गेलंय, थोडं भयही गेलं असेल. पण पोर पडली की आधी गुडघा बघत नाही, तुझं तोंड बघते. माझ्या अंगाखांद्यावर एवढी पोरं. मी दर वेळी किंचाळले तर कसं व्हायचं? तू वसा घे. लेकरू पडलं तर किंकाळी गिळावी. जवळ बसावं. रडलं तर पोटाशी धरावं, न रडलं तर रडवू नये. चिडू नये, भिववू नये, घेतला वसा टाकू नये."

दुसऱ्या शुक्रवारी यमू पडली. गोदा वसा विसरली, किंचाळली. तिसऱ्या शुक्रवारी पडली. गोदेनं तोंडात पदर कोंबला. ते ध्यान पाहून पोर जास्तच भ्याली. चौथ्या शुक्रवारी यमू आपली आपण उंबरठा ओलांडायला गेली नि आपटली. गुडघा फुटला. गोदा शेजारी बसली. हात कापू लागले, पण तोंड तिनं शांत धरलं. यमूनं ते तोंड पाहिलं. मग गुडघा पाहिला.

जशी जिवती गोदेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, हात कापणाऱ्या आयांना आधी पावो. साठां उत्तरांची कहाणी इथं पांचा उत्तरी सुफळ व्हायची, पण यमूचं बोलणं राहिलंय. ती म्हणाली, "आई, आता मी थोडंसं रडते. तू ओरडू नको, इथंच बस. मग मी परत ओलांडते."