न फुटलेले चिंचोके

फार फार पूर्वी, जेव्हा राजे दूर राहत आणि गावं आपलं आपण बघून घेत, तेव्हा डोंगरांच्या मध्ये एक खोरं होतं. खोऱ्याच्या माथ्यावर तळं होतं. तळ्यातून एक पाट निघे आणि एकामागून एक सात वाड्यांना पाणी देत खाली जाई. पहिली वाडी तळ्याला लागूनच होती. सातवी तीन कोस खाली, पाटाच्या शेवटाला.

पंगतीत शेवटी बसलेल्या माणसाला कधी विचारा, वाढपी येईपर्यंत त्याचा जीव कसा वरखाली होतो ते. सातव्या वाडीचा जीव वर्षभर तसाच असायचा.

पण त्या खोऱ्यातले पूर्वज शहाणे होते. त्यांनी तळ्याच्या काठी एका काळ्या शिळेवर नियम कोरून ठेवले होते. पाणी प्रत्येक वाडीला पाळीपाळीनं मिळेल. पाटाच्या तोंडाशी लाकडी दार असेल आणि दाराला दोन कुलपं असतील. एक किल्ली लोकांनी निवडलेल्या पाटकऱ्याकडे, म्हणजे पाणी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडे. दुसरी सातव्या वाडीतल्या माणसाकडे. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडणार नाही. सगळ्यात खाली लिहिलं होतं: यातलं काही बदलायचं तर सातही वाड्यांनी हो म्हटलं पाहिजे, आणि ज्यांची चूल वाडीत पेटते त्यांनीच त्या वाडीच्या वतीनं बोलावं.

दर तीन वर्षांनी, सुगी उरकली की तळ्याकाठी मतं पडायची. पाटकरी, कोठारी आणि जागल्या असे तिघे अधिकारी निवडायचे. ज्याला जो हवा त्याच्या मडक्यात चिंचोका टाकायचा. कुणी एखादा नियम बदला म्हटलं, तर त्यासाठी वाडीवाडीचं वेगळं मडकं मांडायचे. चुन्याचं वर्तुळ काढायचे, त्यात मडकं आणि मडक्याशेजारी एक दगड. हो म्हणायचं असेल तर अख्खा चिंचोका टाकायचा. नाही म्हणायचं असेल तर तो दगडावर फोडून टाकायचा. मडक्यात पाच फुटके निघाले की त्या वाडीचा नकार धरायचे.

फोडताना टक असा आवाज व्हायचा आणि साऱ्या माना वळायच्या. म्हणजे बघा, हो गुपचूप म्हणता यायचं आणि नाही मात्र सगळ्यांना ऐकू जायचं. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. ज्यानं पाडली त्याच्यावर नाही म्हणायची वेळ कधी आली नसावी.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दुसरी किल्ली सातव्या वाडीतल्या एका म्हातारीच्या कमरेला होती. तिला सारं खोरं मावशी म्हणायचं. पाणी सोडायचं असलं की निरोप यायचा आणि मावशी काठी टेकत तीन कोस चढून जायची. गुडघे कुरकुरायचे, पण तिनं कधी पाळी चुकवली नव्हती. एकदाच तापानं दोन दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा पहिल्या वाडीची भाजी करपली होती.

पाटकरी होता मावशीच्या वाडीचा भाचा. त्याची आई सातव्या वाडीची लेक, दिलेली पहिल्या वाडीत. माणूस सोन्यासारखा. तीन वर्षांत त्यानं एका थेंबाचा वाद होऊ दिला नव्हता. तो पुन्हा उभा होता आणि त्याच्यासमोर उभा होता तिसऱ्या वाडीतला एक भांडकुदळ गृहस्थ, जो स्वतःच्या बैलाशीही वाद घालायचा.

साऱ्या खोऱ्यात चर्चा एकच, भाचा की भांडकुदळ. पाणवठ्यावर तेच, खळ्यावर तेच. त्यामुळे पहिल्या वाडीच्या पाटलानं नियम बदलायचा प्रस्ताव मांडलाय, हे कानावर येऊनही फारसं कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. पाटलाचं म्हणणं सरळ होतं. "एवढ्याशा कामाला म्हातारीची तंगडतोड कशाला? दोन्ही किल्ल्या पाटकऱ्याकडेच ठेवू. पाणी वेळेवर सुटेल."

मावशीला ते ऐकून भीती वाटली. का, ते तिला नीट सांगता येईना. गुडघे तर म्हणत होते, बरं झालं, सुटलो. पण हात पुन्हा पुन्हा कमरेची किल्ली चाचपत राहायचा.

ती शेजारणीकडे गेली. "तू त्या किल्लीच्या नियमाचं ऐकलंस का गं?"

"ऐकलं की," शेजारीण भाकरी थापत म्हणाली. "मावशे, आपला भाचा निवडून येतोय ना? मग किल्ली तुझ्याकडे असली काय नि त्याच्याकडे असली काय, घरातच राहिली."

"भाचा चांगलाच आहे. पण नियम म्हणजे भाचा नव्हे गं."

"असं बोलू नकोस बाई कुणासमोर. लोक म्हणतील, म्हातारीला किल्लीचा मान सुटत नाही."

मावशी घरी परतली. हेच तर तिला आतून टोचत होतं. आपल्याला खरंच भीती वाटतेय, की किल्ली गेली तर आपल्याला कुणी विचारणार नाही याचं दुःख होतंय? आठ दिवस ती हाच विचार करत राहिली. जेवण गोड लागेना. मग एकदाचं तिनं ठरवलं, चिंचोका फोडायचा. एका वाडीचा नकार पुरतो. आपण फोडला तर आणखी चारजण फोडतील.

मतांचा दिवस उजाडला. तळ्याकाठी जत्रा भरली. पाटकऱ्याचं मत आधी झालं. भाच्याचं मडकं काठोकाठ भरलं, हलगी वाजली, सातव्या वाडीच्या बायकांनी त्याला ओवाळलं. त्याच आनंदात नियमाची मडकी मांडली गेली. बाजूला जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या आणि भाताचा वास सुटला होता. भाचा गुलाल लावून समोरच उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होता.

सातव्या वाडीची रांग मडक्याकडे सरकू लागली. मावशी मधोमध होती. चिंचोका मुठीत घट्ट धरला होता. ती कान देऊन ऐकत होती. पुढचा गेला, आवाज नाही. त्याच्या मागचा गेला, आवाज नाही. कुणीतरी पहिला फोडू दे, मग मी फोडते, असं ती मनात म्हणत होती. शेजारीण दगडापाशी क्षणभर थांबली. शेजारणीनं भाच्याकडे बघितलं, हसली आणि पुढे झाली.

मावशीची पाळी आली. ती दगडासमोर उभी राहिली. समोरून भाचा म्हणाला, "मावशे, सावकाश गं. आता तुझी पायपीट संपली."

त्याच्या तोंडावर, त्याच्या आनंदाच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत टक असा आवाज करायचा? मावशीचा हात उचललाच गेला नाही. चिंचोका अख्खाच मडक्यात पडला.

सातही मडकी ओतली. एकही चिंचोका फुटलेला नव्हता. मावशीनं कमरेची किल्ली सोडली आणि भाच्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्यांना लावली.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षाचा उन्हाळाही गेला. पाणी वेळेवर सुटत होतं आणि मावशी दारात बसून शेंगा सोलत होती. मनातल्या भीतीची तिला लाज वाटू लागली होती.

पण पुढचा पाऊस पाठ फिरवून गेला. तळं निम्मं भरलं आणि माघातच कंबरेइतकं खाली गेलं. तरी हिशेबानं वापरलं तर सातही वाड्यांना पुरेल एवढं पाणी होतं. सातवी वाडी आपल्या पाळीची वाट बघत बसली. पाळीचा दिवस आला, पण पाटातून घोटाभर पाणी आलं आणि दुपारीच आटलं. पुढच्या पाळीला नुसता ओला चिखल आला. त्याच्या पुढच्या पाळीला तोही नाही.

मावशीनं काठी घेतली आणि दोन वर्षांनी पुन्हा तीन कोस चढून गेली.

भाच्याच्या ओट्यावर माणसंच माणसं बसली होती. पहिल्या वाडीची, दुसऱ्या वाडीची. कुणाच्या कडेवर तान्हं, कुणाच्या हातात सुकलेलं रोप. पाटीलही होता. भाचा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. तो इतका वाळला होता की मावशीला आधी ओळखूच आला नाही.

"आमचं पाणी कुठं गेलं रे?" तिनं विचारलं.

त्यानं बाहेर बोट केलं. "तिथं गेलं. रोज येतात. आजच्या दिवस घटकाभर सोड म्हणतात. लेकरं पुढ्यात ठेवतात. मी एकदा सोडलं, मावशे. मग दुसऱ्याला नाही कसं म्हणू?"

"आधी कसं म्हणायचास?"

भाच्यानं कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. मग म्हणाला, "आधी कधी म्हणावंच लागलं नाही. दुसरी किल्ली मावशीकडे आहे, तिला विचारून या, एवढंच सांगायचो. तीन कोस कुणी उतरायचं नाही. माझा वाईटपणा तुझ्या कमरेला लटकत होता आणि मला ते कळलंच नाही. मी समजत होतो, मीच चांगला आहे." त्यानं कमरेच्या दोन्ही किल्ल्या काढून तिच्यापुढे धरल्या. "घे. एक तुझी परत घे."

मावशीचा हात पुढे झाला. पण पाटील दारातून म्हणाला, "तसं नाही करता येणार बाई. नियम तुम्हीच बदललात. तुमच्या मडक्यात एक तरी चिंचोका फुटला होता का?"

मावशी हात मागे घेऊन खाली उतरली. वाडीत पोचल्यावर तिनं सगळं सांगितलं. तेव्हा शेजारणीनं मावशीचा हात धरला. "मी फोडणार होते गं," ती म्हणाली. "दगडापाशी थांबलेसुद्धा. म्हटलं, तू मागं आहेस, तू फोडशील." तिचा नवरा म्हणाला, "मीही तुमच्यासाठीच थांबलो होतो." मग एकेक जण बोलू लागला. त्या रांगेत निम्मी वाडी फोडायच्या तयारीनं उभी होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचा आवाज ऐकायला कान लावून होता. मावशीला रडू कोसळलं.

फाल्गुनात विहीर आटली. माणसांनी गुरं सोडली, भांडी गाठोड्यात बांधली आणि घाटापलीकडे आपापल्या नातेवाइकांकडे निघाली. भरल्या वाडीचं दहा दिवसांत ओसाड रान झालं. मावशी सगळ्यांत शेवटी निघाली. घाटाची वाट तळ्यावरून जायची. मत टाकायच्या जागी ती थांबली. दगड तिथंच होता. तिनं पदराच्या गाठीतून एक चिंचोका काढला, दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं फोडला. टक असा आवाज झाला. भर दुपारची वेळ होती आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. कुणाचीच मान वळली नाही. दोन्ही तुकडे तिथंच ठेवून ती घाट चढू लागली.

त्या पावसाळ्यात तळं भरलं. घाटापलीकडे निरोप गेले, पण गेलेली माणसं तिकडे रुजली होती. कुणी परतलं नाही. सुगी झाली आणि मतांचा दिवस आला. भाचा यंदा उभा राहिला नाही. आता पाटकऱ्याच्या जागेसाठी तो भांडकुदळ गृहस्थ एकटाच उभा होता, आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या कमरेला जाणार होत्या. पाटलाला घाम फुटला. त्यानंच घाईघाईनं प्रस्ताव मांडला, दुसरी किल्ली पुन्हा शेवटच्या वाडीला द्यावी.

सहा वाड्यांनी सहा मडकी मांडली. सहाही मडक्यांत भराभर अख्खे चिंचोके पडले. मग सगळे शिळेकडे वळले. शिळेवर सहा वाड्या लिहिलेलं नव्हतं, सात लिहिलेलं होतं. सातव्या वाडीत आता एकही चूल पेटत नव्हती. चुन्याच्या सातव्या वर्तुळात मडकं नव्हतं. दगडापाशी फुटक्या चिंचोक्याचे दोन तुकडे तेवढे पडले होते.

नियम बदलला नाही. तो आता कधीच बदलणार नव्हता. नव्या पाटकऱ्यानं दोन्ही किल्ल्या कमरेला खोचल्या.

सहाव्या वाडीची माणसं बराच वेळ त्या रिकाम्या वर्तुळाकडे बघत राहिली. पाट आता त्यांच्या दारात संपत होता.

तात्पर्य: माणूस चांगला आहे म्हणून नियम सैल करू नये, कारण चांगल्या माणसालाही चांगलं राहायला नियमाचाच आधार लागतो, आणि नाही म्हणायचं असेल, तर दुसऱ्याच्या आवाजाची वाट न बघता आपणच पहिल्यांदा म्हणावं.