मागच्या ओळीची लेझीम

एका तालुक्याच्या गावी एकदा एक हायस्कूल होते. होते म्हणजे ते आजही आहे. पण दृष्टान्त सांगणाऱ्याने भूतकाळात बोलावे असा संकेत आहे, म्हणून होते म्हणायचे. या हायस्कुलात शनिवारी दुपारी वर्ग भरत नसत, मंडळे भरत. वक्तृत्व मंडळ, नाट्यमंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ आणि एक बुद्धिबळ मंडळ, ज्यात खरोखर खेळणारे थोडे आणि पंख्याखाली बसायला मिळते म्हणून आलेले पुष्कळ. पालक विचारीत, "याचे मार्क किती धरतात?" शिक्षक हसून विषय बदलीत. मार्क धरत नाहीत म्हणूनच मुले आनंदाने येतात, हे पालकांना सांगायचे कसे, हा प्रश्नच होता.

प्रत्येक मंडळाची आपली एक चाळण होती. ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही त्याला नाट्यमंडळ घेत नसे. ज्याचे पाठांतर कच्चे त्याला वक्तृत्व मंडळ घेत नसे. लेझीम मंडळ मात्र कोणालाच नको म्हणत नसे. ही पद्धत थोरल्या बाईंनी घालून दिली होती. बाईंनी याच शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात उभी हयात घालवली होती. निवृत्त झाल्या तरी शनिवारची दुपार त्यांनी सोडली नाही. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून त्या बसत, आणि पथकाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. जो हात पुढे करील त्याच्या हातात लेझीम द्यायची, एवढाच त्यांचा नियम होता.

त्यामुळे झाले असे की, इतर मंडळांच्या चाळणीतून खाली पडलेली सगळी मुले लेझीमकडे आली. ती मागच्या ओळींत उभी राहत. पुढच्या ओळीत दहावीची तयार मुले, आणि सगळ्यांच्या पुढे निशिगंधा.

निशिगंधा पथकाची प्रमुख होती. तिची लेझीम पाहावी अशीच होती. अंग हलके, पाऊल नेमके, आणि हात उघडला की आवाज हलगीच्या ठोक्यावर येऊन बसे. पण तिच्या मनात एक सल होता. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत पथकाची ढाल थोडक्यात हुकली होती. पुढच्या ओळीचा 'छन्' पडायचा आणि पाठोपाठ मागून दुसरा, उशिराचा, विस्कटलेला 'छन्' यायचा. परीक्षकांनी सगळ्यांसमोर ते बोलून दाखवले होते. निशिगंधाची शाळा यंदा संपणार होती, म्हणजे ढाल मिळवायची तर याच वर्षी. स्पर्धेच्या नियमात लहान पथकही चालत होते. तिने रात्रंदिवस विचार केला आणि एका शनिवारी ती थोरल्या बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"स्पर्धेला मागच्या दोन ओळी नकोत. पुढचे आपण तेवढेच जाऊ."

बाईंनी मैदानाकडे पाहिले. मागच्या ओळीत कावेरी उभी होती. नववीतली, बुजरी मुलगी. वर्गात तिला प्रश्न विचारला तर ती उभी राही आणि तशीच उभी राही. नाट्यमंडळाने तिला परत पाठवले होते, वक्तृत्वाच्या वाटेला ती गेलीच नव्हती. शनिवारी मात्र ती सगळ्यांच्या आधी मैदानावर येई आणि पेटीतल्या लेझमा पुसून ठेवी.

"कावेरीला पण नाही न्यायचं?" बाईंनी विचारले.

निशिगंधाला वाईट वाटले, पण ती मागे हटली नाही. "बाई, ती गुणी आहे. पण तिचा हात उशिराच पडतो. दर शनिवारी मी घसा फोडून सांगते, माझ्याकडे बघा, मी करते तसं करा. ती डोळे फाडून बघते आणि तरी चुकते. आता यापेक्षा मी काय करू?"

बाई म्हणाल्या, "बरं. नावं कमी करायची तर करू. आज सराव होऊ दे, मग तूच मला कुणाकुणाला काढायचं ते सांग."

इतक्या सहज होकार मिळेल असे निशिगंधाला वाटले नव्हते. ती हलक्या मनाने जाग्यावर जाऊन उभी राहिली. हलगी सुरू झाली. 'चार आवाज'चा प्रकार चालू झाला, आणि नेहमीप्रमाणे पुढून एक आणि मागून दुसरा असा फुटका आवाज मैदानावर येऊ लागला.

तेवढ्यात बाई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलली, मैदानाला वळसा घालून पथकाच्या पाठीमागे नेली, तिथे टेकवली आणि त्या तिच्यावर बसल्या. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागले असेल असे मुलांना वाटले. पण तिकडे सावली नव्हती. मग बाईंनी जुन्या सवयीच्या खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "पथक, पीछे मूड! हलगी थांबवायची नाही."

सारे पथक गर्रकन वळले, आणि क्षणात सगळे उलटे झाले. शेवटची ओळ पहिली झाली. निशिगंधा, जिच्यापुढे आजवर कोणी उभे राहिले नव्हते, ती सगळ्यांच्या मागे गेली.

पुढे आलेल्या मुलांची जी तारांबळ उडाली ती विचारू नका. बघायला कोणी उरलेच नाही. कोणाचा हात वर, कोणाचा खाली. कावेरी तर लेझीम छातीशी धरून नुसती थिजून उभी राहिली. निशिगंधाला मनातून वाटले, पाहा म्हणावे बाई, आता तुम्हीच पाहा.

पण लगेच एक वेगळीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिचा स्वतःचा हात चुकत होता. समोर एवढे हात हलताना दिसत होते की नजर त्यांच्यावरच जाई. त्यांच्या हालचालीची वाट पाहण्यात ठोका निघून जाई. आणि तिची लेझीम, जिच्या नेमकेपणाचा गावभर बोलबाला होता, ती उशिरा वाजे. तिने दात आवळून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झाले. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

इकडे कावेरी बराच वेळ उभी राहिली. समोर फक्त बाई, आणि बाई तर काहीच करून दाखवीत नव्हत्या. त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. शेवटी दुसरे काही हाताशी नाही म्हणून कावेरीने मान खाली घातली आणि ती हलगी ऐकू लागली. थोड्या वेळाने तिने लेझीम उघडली. पहिल्यांदा चुकली, नंतरही चुकली, मग एकदा बरोबर ठोक्यावर आली. शेजारच्या मुलानेही ऐकायला सुरुवात केली. आवाज काही एकदम सुधारला नाही, पण दोनाचा एक होऊ लागला.

बाईंनी हात वर करून हलगी थांबवली, निशिगंधाला जवळ बोलावले आणि बाकीच्यांना पाणी प्यायला पाठवले. निशिगंधा मान खाली घालून आली.

"बाई, आज माझंच चुकलं. असं कधी होत नाही."

"आज तुझ्यापुढे माणसं होती म्हणून झालं," बाई म्हणाल्या. "बाळ, जो दुसऱ्याचं पाहून हात हलवतो त्याचा हात उशिराच पडणार. आधी तुझा हलायला हवा, मग त्याला दिसायला हवा, मग त्याचा हलणार. यात त्याचा काय दोष? तू वर्षभर त्यांना सांगत आलीस, माझ्याकडे बघा. त्यांनी जिवापाड तुझं ऐकलं. डोळ्यांनी तुझ्याकडे बघत राहिली आणि कानांनी हलगी ऐकायची विसरून गेली. तुला वाटलं मुलं तुझी आज्ञा मोडतात म्हणून ढाल गेली. अगं, मुलं तर तुझी आज्ञा पाळत होती."

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. बाईंनी ते पाहिले, पण समजूत घातली नाही. समजूत घातली तर शिकलेले पुसले जाते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्यांनी एवढेच विचारले, "सांग आता, कुणाची नावं कमी करायची?"

निशिगंधाने डोळे पुसले. मग म्हणाली, "कुणाचीच नको. पण बाई, मला पुढे उभं राहायचं नाही."

त्यानंतरचे शनिवार कष्टाचे गेले. निशिगंधा ओळींमधून फिरे, आणि 'माझ्याकडे बघा' जिभेवर आले की गिळून टाकी. मुलांनी तिच्याकडे पाहिले तर ती हलगीवाल्याकडे बोट करी. कधी कधी तिला वाटे, आपण पुढे उभे राहिलो असतो तर पावले तरी किती लवकर बसली असती. ते खरेही होते.

स्पर्धेच्या दिवशी सगळे पथक मैदानावर उतरले. निशिगंधा शेवटच्या ओळीत होती. आवाज एकच पडला. ढाल मात्र दुसऱ्या एका शाळेला मिळाली. त्यांचे पथक लहान होते आणि त्यांचे प्रकार अवघड होते. निशिगंधा रडली. बाईंनी तिला रडू दिले.

परतीच्या टेम्पोत तिने बाईंना विचारले, "मागच्या ओळी नेल्या नसत्या तर आपण जिंकलो असतो का?"

"असतो बहुतेक," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटे सांगितले नाही.

टेम्पोच्या मागच्या बाजूला गलका चालला होता. त्या गलक्यात एक आवाज निशिगंधाला ओळखू येईना, म्हणून ती वळली. कावेरी बोलत होती. पुढच्या वर्षी कोणते अवघड प्रकार घ्यायचे, हलगी कुठे उभी करायची, आठवीतल्या नव्या मुलांना आधी नुसते ऐकायला कसे बसवायचे, हे ती हातवारे करून सांगत होती, आणि सगळे तिच्याशी हुज्जत घालीत होते. बोलणे रंगात आले होते. पुढच्या वर्षी निशिगंधा नसणार, हे कोणी म्हणाले नाही. कोणी तिला विचारलेही नाही.

निशिगंधाला ते आधी लागले. मग तिला कळले की आपण ज्यांना वगळायला निघालो होतो, तेच उद्याचे पथक होते. पुढची ओळ तर सगळी दहावीची. शाळा सुटताच ती संपली असती, आणि हाती ढाल असली तरी मैदान मोकळे उरले असते. सरकून तिने कावेरीच्या शेजारी जागा केली, आणि तिचे म्हणणे ऐकत बसली.