चुकल्यानंतरची टाळी

एकदा एक खेळाडू आपल्या गुरूंचा निरोप घ्यायला गावी आली. निरोप गुरूंचा नव्हता, खेळाचा होता. बास्केटबॉल सोडायचे तिने मनाशी पक्के केले होते, आणि ज्यांनी पहिला चेंडू हातात दिला त्यांच्या कानावर ते आधी घालावे, मग क्लबला कळवावे, एवढीच तिची इच्छा होती.

गुरू वृद्ध झाले होते. गावच्या शाळेच्या मैदानावर, कडुनिंबाखाली, ते रोज दुपार कलल्यावर खुर्ची टाकून बसत. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. शिट्टी मात्र अजून गळ्यात होती.

"या, जिराफबाई!" तिला फाटकातून येताना पाहून ते म्हणाले. "वाकून ये, फांदी लागेल."

शाळेत असताना मुली तिला याच नावाने चिडवत, तेव्हा ती रडत असे. याच मैदानावर तिची उंची प्रथम कुणाच्या तरी कामी आली होती. इथून ती जिल्ह्याच्या संघात गेली, मग राज्याच्या, आणि मग मोठ्या शहरातल्या व्यावसायिक क्लबात. वर्षानुवर्षे ती त्यांची भरवशाची खेळाडू होती. परंतु गेल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात असे घडले, की संघ एका गुणाने मागे होता, वेळ जवळजवळ संपली होती, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या चुकीमुळे तिला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे मोकळा नेम. ठरलेल्या रेषेवर उभे राहायचे आणि चेंडू जाळीत टाकायचा. समोर अडवणारे कुणी नसते. असे हजारो नेम तिने डोळे मिटून मारले असते. त्या दिवशी दोन्ही चुकले.

तिने पाया पडून सारे सांगितले. रेषेवर उभी राहिले की आता नेमच लागत नाही, हेही सांगितले.

"म्हणून सोडते मी सर. सोमवारी क्लबचं नवं शिबिर सुरू होतंय. त्याआधी त्यांना कळवायचंय."

"सोड की," गुरू म्हणाले. "मी कुठे धरून ठेवलंय? पण आलीच आहेस तर चार फ्री थ्रो मारून जा. तो बघ चेंडू."

नाही म्हणणे तिला जमले नाही. ती रेषेवर उभी राहिली. पहिला नेम जाळीच्या कडीवर आपटून बाहेर गेला आणि चेंडू घरंगळत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला. तो घेऊन ती परतली, तर गुरू खुर्चीतून उठून, एक एक पाऊल टाकत तिच्याकडे येत होते. जवळ येऊन त्यांनी तळहात पुढे केला. तिने गोंधळून त्यावर टाळी दिली. ते वळले आणि तितक्याच सावकाश खुर्चीत जाऊन बसले.

दुसरा नेम जाळीत गेला. गुरू पुन्हा उठले, आले, टाळी घेतली, परतले.

तिसरा चुकला. गुरू पुन्हा उठू लागले.

"सर, अहो बसा ना! चुकलाय तो."

"दिसलं मला. डोळे शाबूत आहेत."

"मग कशाला येताय? निदान खुर्ची तरी इथे आणू का?"

"खुर्ची आहे तिथे बरी आहे. तू मार."

बास्केटबॉलमध्ये ही रीतच असते. पहिला फ्री थ्रो झाला, की बाजूला उभ्या असलेल्या सहकारी दोन पावले पुढे येतात आणि नेम मारणारीच्या हातावर टाळी देऊन जागेवर जातात. चेंडू जाळीत गेला तरी देतात, चुकला तरी देतात. ही रीत तिला ठाऊक होती. पण गुडघे धरून चालणारा म्हातारा माणूस प्रत्येक नेमाला ये-जा करतो, हे तिला बघवेना. आपल्यामुळे त्यांना त्रास होतो आहे या विचाराने तिचे नेम आणखीच चुकू लागले. आणि नेम चुके तसे गुरू येतच राहिले.

अखेर एक चेंडू कडीला न शिवताच खाली पडला. नवख्या मुलीनेही शरमून जावे असा तो नेम होता. गुरू आले, तेव्हा तिने पाठ फिरवली.

"नको सर. खरंच नको. ह्याला कसली टाळी?"

जरा वेळाने तिने मान वळवून पाहिले. गुरू तसेच उभे होते, तळहात पुढे धरून.

"दुखेल हात तुमचा."

"दुखू दे. मी थांबतो."

मग मात्र तिने त्या हातावर हात ठेवला. टाळी अशी वाजलीच नाही, नुसता हात हातात राहिला. गुरू हसले.

"तो सामना मी पाहिला गं, नातवाच्या मोबाइलवर. चेंडू कुठे गेला ते एवढ्याशा पडद्यावर मला काही दिसलं नाही. तुझे हात दिसले. पहिला थ्रो चुकल्यावर टाळी द्यायला कोण आलं होतं, आठवतंय?"

तिने आठवून पाहिले. या कित्येक आठवड्यांत तिने तो प्रसंग पुन्हा पुन्हा मनात पाहिला होता, पण त्यात नेहमी कडी असे, चेंडू असे आणि ती असे. माणसे तिने आज प्रथमच पाहिली. सगळ्यात आधी आली होती पौर्णिमा, संघातली सर्वांत लहान मुलगी, पहिलाच हंगाम खेळणारी. तिचा हात वर झाला होता. आणि आपण काय केले? आपण मान वळवली आणि दोन्ही तळवे कपड्याला पुसत राहिलो. पौर्णिमाचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग तिने त्याच हाताने आपले केस सारखे केले. ते विस्कटलेले नव्हते. रिकामा हात परत नेताना माणसाला काहीतरी निमित्त लागते.

"मी तिला हात दिला नाही, सर."

"नाही दिलास." गुरू म्हणाले. "बाळ, चेंडू जाळीत गेल्यावर जे मिळतं ते कौतुक. ते प्रेक्षकही देतात. ही टाळी निराळी. ती सांगते, तू रेषेवर एकटी दिसतेस, पण चेंडू आपणा पाचजणींचा आहे. म्हणून चुकल्यावर तिची किंमत जास्त. दुसऱ्यांना टाळी द्यायला तू कायम धावत पुढे असायचीस, मला त्याचं फार कौतुक वाटे. पण स्वतः चुकलीस की ती घ्यायची कशी, हे तू शिकली नाहीस. पुढचा थ्रो तू एकटीने मारलास गं. तो जड जाणारच."

तिने खाली पडलेला चेंडू उचलला.

"तिला काय वाटलं असेल?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

तिने फोन लावला. पलीकडून लगेच उत्तर आले, "ताई?"

"पौर्णिमा, अगं त्या दिवशी तू टाळी द्यायला आलीस ना..."

"ताई, मला माहितीये तुम्ही रागावलात ते," पौर्णिमा घाईघाईने बोलू लागली. "पास माझाच वाईट होता. तसा दिला म्हणून तर तुम्हाला समोरच्या संघातल्या त्या दोघींच्या मधून घुसावं लागलं आणि तुम्ही पडलात. माझ्यामुळे हरलो आपण. मी बाबांना सांगितलंय, शिबिराला नाही जाणार मी. मला नाही जमायचं हे."

ती रेषेवरच बसली. आपली चूक आपण एकटीच वाहतो आहोत, असे तिला इतके दिवस वाटत होते. तिकडे एक मुलगी तेच ओझे घेऊन घरी बसली होती, आणि ते तिच्या खांद्यावर कुणी ठेवले होते?

"वेडी आहेस का तू?" ती म्हणाली. "अगं, तुझा तो पास नसता तर ते दोन थ्रो तरी मिळाले असते का आपल्याला? मी रागावले नव्हते गं. मला लाज वाटत होती. तुझा हात घ्यायचा राहिला माझ्याकडून."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "खरंच?"

"खरंच. बाबांना सांग, सोमवारी शिबिराला जातेय म्हणून."

"तुम्ही असाल ना पण तिथे?"

तिने वर पाहिले. गुरू पाठमोरे होऊन, हळूहळू आपल्या खुर्चीकडे निघाले होते, जणू त्यांना काहीच ऐकू येत नव्हते.

"असेन," ती म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आले, की इथे यायला निघताना आपले याच्या अगदी उलट ठरले होते. मात्र आता तिला शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

चुकलेल्या माणसाने पुढे आलेला हात घ्यावा. तो हात घेऊन येणाराही कधी कधी आधाराच्याच शोधात आलेला असतो.