साळिंदराचा दोरा

त्या राज्यात नाडी मोजण्याची रीत नव्हती; तिला उपमा देण्याची रीत होती. वैद्य रोग्याचे मनगट धरीत, डोळे मिटीत आणि नाडी कोणत्या प्राण्याच्या चालीने चालते आहे ते सांगत. प्रजाही प्राण्यांचीच असल्यामुळे कालांतराने या उपमांना मानापमान चिकटला. सापाची चाल कोणालाच नको असे. बेडकाची चाल तर बेडकालाही नको होती. ती सांगणाऱ्या वैद्याला त्याने पुन्हा दारात उभे केले नाही. सर्वांत मानाची चाल हंसाची. राजवैद्य स्वतः हंसच होते. त्यामुळे मोठ्या घरी दुखणे कोणतेही असो, नाडी हंसगतीच निघे.

राज्याच्या वेशीबाहेर साळिंदर नावाचा वैद्य एकटाच राहत असे. त्याने विद्या मन लावून संपादन केली होती. परंतु अंगावरील काट्यांमुळे त्याला कोणी अंथरुणाजवळ येऊ देत नसे. “वैद्यबुवा, तिथूनच बघा,” असे रोगी म्हणत. तिथून कसे बघावे, या विचारात त्याचे तारुण्य सरले.

अखेर त्याने आपलाच एक गळलेला काटा जमिनीत तिरपा रोवला, त्याला दोरा बांधला आणि दोऱ्याच्या टोकाला चिंचोका अडकवला. रोग्याच्या घरच्या कोणीतरी त्याचे मनगट धरावे आणि प्रत्येक ठोक्याला मान हलवावी. साळिंदराने दूर बसून चिंचोका झुलवावा, आणि त्याचे झोके त्या मानेशी जुळेपर्यंत दोरा कमीजास्त करावा. ज्वर चढला की नाडी धावे आणि दोरा आखूड करावा लागे; ज्वर उतरला की तो पुन्हा लांब सोडता येई. दुखणे कोणीकडे चालले आहे, हे त्या राज्यात प्रथमच कोणाला तरी दिसू लागले.

गरीब लोक त्याला बोलावू लागले. मात्र काम झाल्यावर त्याला कोणी बसा म्हणत नसे. तो दोरा गुंडाळून बिळात परते, आणि दुसऱ्या हाकेपर्यंत त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे.

पुढे राणी वाघिणीचा बछडा तापाने आजारी पडला. राजवैद्यांनी डोळे मिटून हंसगती सांगितली, थकवा आहे असे निदान केले आणि युवराजांना भरपूर मांस चारण्याची आज्ञा दिली. राणीला बछड्याचा श्वास बरा वाटेना. तिने साळिंदराला मागच्या दाराने बोलावून घेतले आणि मनगट स्वतः धरले. दिवाण कोल्हा म्हणाला, “युवराज आहेत ते. जोंधळ्याचे पोते नव्हे, मापायला.” साळिंदराने मान वर केली नाही. सकाळी दोरा वीतभर होता. संध्याकाळी राणीची मान इतक्या लगबगीने हलू लागली, की त्याला तो बराच आखडावा लागला.

“बाईसाहेब, मांस बंद करा. ताप चढतो आहे. नुसते पाणी द्या.”

एव्हाना बातमी फुटून राजवैद्य आणि दरबारीही तिथे जमले होते. राजवैद्य शांतपणे म्हणाले, “हंसगतीच्या रोग्याला उपाशी ठेवायचे? हा अपमान युवराजांचा की माझा, एवढेच सांगा.”

राणीने दोऱ्याकडे पाहिले आणि मग दरबाराकडे पाहिले. साळिंदराचे ऐकावे, तर युवराजाची नाडी हंसासारखी नाही हे सर्वांदेखत मान्य करावे लागले असते. तिने मांस मागवले.

पहाटे दोरा चार बोटांचा झाला. राणीची मान थरथरावी तशी हलत होती. मग ती थांबली. चिंचोका थोडा वेळ झुलत राहिला.

“सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे,” कोल्हा म्हणाला. “दोरा आखूड कोण करीत होते?”

कोणाची मान पाहून दोरा आखडला जात होता, हे दरबारात एकट्या राणीला ठाऊक होते. तिने पंजात धरलेले मनगट सोडले नाही.

त्यानंतर साळिंदराला कोणी घरी बोलावले नाही. काही जण लपतछपत येत, बिळाबाहेर फळे ठेवीत आणि अजिजीने म्हणत, “माझा तेवढा लांब धरा ना, बुवा. तुमचे काय जाते?”

“दोरा नाडीच्या मागे जातो,” तो सांगे. “नाडी दोऱ्याच्या मागे येत नाही.”

ते फळे उचलून परत नेत. हळूहळू तेही यायचे थांबले.

साळिंदर वृद्ध झाला आणि आजारी पडला. मनगट धरायला कोणी नव्हते. तेव्हा त्याने एका पंजाने दुसरा धरला आणि रित्या बिळात तो स्वतःशीच मान हलवू लागला. नाडी मंदावत चालली होती. दोरा लांबवता लांबवता काटा ठेंगणा पडला. म्हणून त्याने दोरा बाहेरच्या झाडाच्या फांदीला बांधला आणि खाली बसून मोजणे चालू ठेवले. येणारेजाणारे थबकत. इतका लांब दोरा त्यांनी कोणाचाच पाहिला नव्हता.

“बघा,” ते आपसांत म्हणत, “स्वतःसाठी केवढा राखून ठेवला आहे.”

एके सकाळी तो झाडाखाली निश्चल आढळला. एक पंजा अजून दुसऱ्या पंजाच्या मनगटावर होता. काट्यांच्या भीतीने त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. दोऱ्याची लांबी मात्र प्रत्येकाने काळजीपूर्वक मापून घेतली.

वर्ष उलटायच्या आत राज्यात दारोदारी तेवढ्याच लांबीचे दोरे लोंबू लागले. राजवाड्याच्या दारावरचा दोरा रेशमी होता आणि त्याचा चिंचोका सोन्याने मढवलेला होता. राणीला झालेला दुसरा बछडा तापाने फणफणला, तेव्हा राजवैद्य आले. त्यांनी उंबरठ्यावर थांबून मान वर केली, दोरा नीट न्याहाळला आणि समाधानाने डोळे मिटले.

आत बछडा भराभर धापा टाकीत होता. दारावरचा चिंचोका वाऱ्याने सावकाश, अगदी सावकाश झुलत होता.