तुळाजी वारला कधी?

"तुझा नवरा फाल्गुन वद्य त्रयोदशीला वारला," असं मोठ्यानं वाचून दप्तरदार चिंतोपंतांनी मृत्युदाखला गोजराच्या हातात ठेवला.

"नाही हो पंत! चैत्र शुद्ध अष्टमीला वारले. परवा! माझ्या डोळ्यांदेखत!"

गोजराचा नवरा तुळाजी हा राजवाड्याचा घटिकावाला. पाण्यावर सोडलेलं भोकाचं भांडं भरून बुडालं, की मनोऱ्यावरच्या घंटेला टोला द्यायचा, हे त्याचं काम. तो गेला, पण भांडं बुडायचं थोडंच थांबतं? टोले गोजरानं दिले, आणि तिसऱ्या दिवशी ती दप्तरात नोंद करायला गेली. तेराव्याच्या आत विधवा घराबाहेर पडलेली पंतांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी काही न विचारता तेरा दिवस मागे मोजले, तारीख लिहिली आणि शिक्का मारून मोकळे!

फरक दहाच दिवसांचा, पण मध्ये आला पाडवा. पाडव्याला हयात असलेला सेवक पुढं वारला, तरी त्याचं घर आणि काम त्याच्या माणसांकडे राहायचं. आधी गेला, तर घर रिकामं! मनोऱ्याखालच्या खोलीत गोजरा आणि तिची दोन वर्षांची लेक राहत होत्या. नवा घटिकावाला सामान बांधून तयार होता.

गोजरा तडक दरबारात गेली.

"महाराज, दाखल्यावरची तारीख चुकलीय."

"आमच्या शिक्क्याखाली चूक?" महिपतराव महाराज गरजले. "अशक्य!"

"पण लिहिलंय पंतांनी..."

"नोंद ज्याची, अर्ज त्याचा! उद्या सकाळी नवऱ्याला हजर कर. केव्हा मेलो ते त्यानं स्वतः सांगावं. नाहीतर खोली सोड!"

दरबार खो खो हसला. मी असते तर तिथंच रडले असते, वर रडल्याबद्दल माफीही मागितली असती. गोजरानं नुसता पदर खोचला.

"आणते, महाराज."

दुसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन ती उभी राहिली. एकटीच!

"कुठंय नवरा?"

"तुमच्याकडेच आहेत की! तुमच्या देवघरात, रेशमी फडक्यात गुंडाळलेले!"

महाराज दचकून उभेच राहिले. "देवघरात?"

"जोशीबुवांना म्हणावं, बाळराजांची पत्रिका आणा."

बाळराजे जन्मले चैत्र शुद्ध तृतीयेला. सुइणीनं रिवाजाप्रमाणे जन्माची खूण म्हणून खिडकीतून लिंबू टाकलं, खाली उभ्या तुळाजीनं घटिका सांगितली, जोशीबुवांनी मांडणी केली. पत्रिकेत चक्रवर्ती योग! तेव्हापासून आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला महाराज ती वाचून दाखवत.

"बुवा, शेवटची ओळ वाचा," गोजरा म्हणाली.

"'घटिका सांगणार तुळाजी, समक्ष. चैत्र शुद्ध तृतीया.' खाली अंगठा. आणि... महाराजांचा शिक्का."

"झाले की नाही हजर? स्वतः सांगतायत, तृतीयेला मी जिवंत होतो!"

महाराज अडखळले. "पण... दाखल्यावरही आमचाच शिक्का आहे!"

"मग दाखला खरा धरा. माझी ना नाही. फक्त मेलेला माणूस घटिका मोजत नाही, महाराज. म्हणजे बाळराजे कोणत्या वेळी जन्मले, कुणालाच ठाऊक नाही. फाडा पत्रिका! चक्रवर्ती योगही गेला!"

"खबरदार!" पडद्याआडून राणीसाहेब कडाडल्या. "आधी तो दाखला बदला!"

महाराजांनी एकदा पत्रिकेकडे पाहिलं, एकदा दाखल्याकडे, एकदा पडद्याकडे. आणि असे हसले, की पगडी कानावर आली!

"पंत, दाखला दुरुस्त करा! आत्ता! आणि काय गं, गेले चार दिवस टोले कोण देतंय?"

"मीच. या कडेवर ही, त्या हातात हातोडा."

"आम्हाला कळलंही नाही!"

"जेवण वेळेवर मिळालं ना? मग कळायचं काय त्यात!"

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. घटिकेचं काम त्यांनी गोजराच्याच नावे करून दिलं, मनोऱ्याखालची खोली कायमची तिची केली, वर जरीकाठी लुगडं दिलं. ते काखेत मारून गोजरा वळलीसुद्धा.

"अगं, थांब! विडा तरी घेऊन जा!"

"नको, महाराज! भांडं बुडत आलं असेल. तुमच्याच जेवणाला उशीर व्हायचा!"