तळ्यात फेकलेले खडे

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तुमच्या पणज्याच्या पणज्याला तेव्हा दातसुद्धा आले नव्हते. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका. पोरांनो, तुम्ही नाकातलं बोट काढून ऐका.

एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर मोठं तळं, तळ्याला मातीचा बांध आणि बांधाखाली सात आळ्या. दर आळीत दहा घरं. त्यातली सहा नांगरवाल्यांची, चार जाळंवाल्यांची. असं का? तर प्रत्येक आळीला दाराशी ताजी मासळी मिळावी, असं वाडवडिलांनी ठरवलेलं. पोटाकडे बघून गाव वसवलं, पुढचं कोण बघतो!

दरवर्षी प्रत्येक आळी एक पंच निवडायची. घरटी एक खडा. नांगरवाल्याला पांढरा, जाळंवाल्याला काळा. ज्याचे खडे जास्त तो पंच. जो हरला त्याने आपले खडे ओंजळीत घेऊन बांधावर जायचं आणि तळ्यात फेकायचे. मग ढोल वाजायचा आणि सगळे ओरडायचे, "बुडाले!" मोठी मजा यायची. म्हणजे ज्यांना फेकावं लागत नव्हतं त्यांना.

माझी हाताची बोटं संपली की मी पायाच्या बोटांवर मोजतो. तरी सहा आणि चार मला कळतात. सातही आळ्यांत सहाला चार. म्हणून सातही पंच नांगरवाले. गेल्या वर्षी तेच, त्याच्या आधल्या वर्षीही तेच. आणि पंचांच्या कट्ट्यावर पंचांशिवाय कुणी बोलायचं नाही, असा नियम.

खालच्या आळीत यमनाक्का राहायची. जाळंवाली, साठी उलटलेली, पण पाण्यात बुडी मारली की काठावरच्या माणसांचाच जीव घुसमटावा इतका वेळ आत राहणारी. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती. बाळ पाच दिवसांचं, आणि पाळणा टांगला होता तो बांधाच्या अगदी पायथ्याशी.

भाद्रपदात तळं काठोकाठ भरलं. अडकलेलं जाळं सोडवायला आक्का तळाशी गेली, तर बांधाच्या पोटात भोक. तिने हात घातला. मूठ आत गेली.

दोन दिवसांनी ती तांब्या घेऊन उतरली. तांब्या आत गेला.

ती वर आली, ओल्या लुगड्यानेच घरामागे गेली. भिंतीखालून पाणी पाझरत होतं. पाझर नेहमीचाच होता, पण आज तो गढूळ होता, म्हणजे बांधाची माती वाहून येत होती. आतून पाळणा हलल्याचा आवाज येत होता, कुर्र कुर्र. आक्काला वाटलं, बांधच कुरकुरतोय.

ती तशीच कट्ट्यावर गेली.

"पंचांनो, बांधाची मोरी उघडा. पाणी चार हात उतरवा, म्हणजे आमची माणसं भोक बुजवतील."

थोरला पंच होता धोंडजी. राहायचा खालच्याच आळीत. मिशी अशी, की कुणी बोलायला लागलं की आधी तीच हलायची.

"आक्का, तुझ्या आळीचा पंच कोण?"

"तुम्हीच की, धोंडजीदादा."

"मग तुझ्या वतीने मीच बोलणार. आणि मला काही भोक दिसलं नाही."

"दिसेल कसं? तुम्ही आंघोळसुद्धा काठावर बसून करता."

कट्ट्याखाली हशा पिकला. धोंडजीची मिशी थरथरली.

"पाणी सोडलं तर आमचा हरभरा काय तुझ्या घामावर पिकवू? परवा खड्यांचा दिवस आहे. पंच होऊन ये आणि मग बोल."

परवाचा दिवस उजाडला. आक्का उभी राहिली. तिला चार खडे पडले, धोंडजीला सहा. सूर्य चुकेल, पण खालच्या आळीचा हा आकडा चुकायचा नाही.

सात आळ्यांचे सात हरलेले बांधावर गेले. ढोल वाजायला लागला. आक्का बाकीच्या सहा जणांना म्हणाली, "फेकू नका रे. माझ्या ओटीत टाका."

"अगं, रीत मोडेल!"

"बांध मोडण्यापेक्षा रीत मोडलेली बरी."

ढोलकऱ्याचा हात वरच राहिला. आक्का तशीच कट्ट्यावर गेली आणि ओटी रिकामी केली. अठ्ठावीस काळे खडे खडखडत दगडावर पडले.

"आता तुमचे पांढरे आणा. आळीआळीचे वेगळे नकोत, सगळे एका ढिगात."

"हरलेले खडे मोजत नसतात!" धोंडजी ओरडला.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई काठी आपटत पुढे आली. तिला कमी दिसायचं, म्हणून ती कुणालाच घाबरायची नाही. "मोजायला काय होतंय रे, धोंड्या? खडे चावतात का?"

ढीग झाला. पांढरे बेचाळीस, काळे अठ्ठावीस. लोक बघतच राहिले. प्रत्येक आळीत जे चार-चार वाटायचे, त्यांचा एका जागी केवढा ढीग झाला होता!

आक्का म्हणाली, "खडे सत्तर, पंच सात. म्हणजे दहा खड्यांना एक पंच. होय की नाही?"

"होय," म्हातारी म्हणाली.

"मग पांढऱ्यांचे चार झाले आणि दोन खडे उरले. काळ्यांचे दोन झाले आणि आठ उरले."

"हे झाले सहा. सातवा कुणाचा?" म्हातारीने विचारलं.

"ज्याचे उरलेले जास्त, त्याचा."

झालं! कट्ट्यावर जी जुंपली म्हणता! सातव्या पंचाला पूर्ण पंच म्हणायचं का आठ खड्यांपुरताच? त्याने बसायचं का वाकून उभं राहायचं? एक शहाणा म्हणाला, "त्याला दहातली दोन वाक्यं गाळून बोलू द्या." हसू नका. तुम्ही असता तर त्या वाक्यांचीसुद्धा यादी मागितली असती.

दोन दिवस वाद चालला. तिकडे आक्का कळशी घेऊन उतरली. कळशी आत गेली, आणि तिच्या हातातून ओढून नेल्यासारखी गेली. परत आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी धोंडजी कट्ट्यावर उभा राहिला. "म्हणणं रास्त आहे. चार आणि तीन. मान्य."

जाळंवाल्यांनी पागोटी उडवली. आक्काने विचारलं, "मग मोरी कधी उघडायची?"

"पुढच्या वर्षी नवे पंच बसतील, ते बघतील. यंदाचे पंच निवडून झालेत. नियम म्हणजे नियम."

आक्का तडक वळली. घरी गेली. दोन जावांना हाताशी घेऊन तिने आपली नाव तळ्यावरून ओढत आणली आणि बाळंतिणीच्या दाराच्या कडीला बांधली. कोरड्या आळीत, चुलीच्या धुरात, नाव! मग तिने सातही आळ्यांतल्या जाळंवाल्यांना सांगितलं, "नावा दाराशी आणा."

गावाने पोट धरून हसून घेतलं. धोंडजी जाता जाता म्हणाला, "आक्का, धुळीत मासे पकडणार काय?"

"माणसं पकडीन म्हणते, दादा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बायका भाकऱ्या थापत असताना, बांधातून एक आवाज आला. कुणीतरी ढेकर द्यावा तसा. मग बांधाचा मधला भाग खाली बसला आणि तळं गावात आलं.

आक्काने पाळणा दोरीसकट तोडला आणि नावेत ठेवला. सून चढली, आक्काने कडीची गाठ सोडली. दार पाण्यात गेलं तेव्हा नाव वर उचलली गेली. बाळ झोपेतच होतं.

आणि तुमच्या लक्षात आलं का? जाळंवाले एकाच आळीत असते, तर बाकी सहा आळ्यांत एकही नाव नसती. दर आळीत चार घरं, म्हणून दर आळीत चार नावा. ज्या विखुरण्याने ते दरवर्षी हरत होते, त्याच विखुरण्याने त्या दिवशी गाव वाचलं. धोंडजी छपरावर मिशी भिजवत बसला होता. आक्काने त्यालाही ओढून घेतलं. त्याची आई नावेत आधीच बसली होती आणि म्हणत होती, "मासळीचा वास येतोय गं."

"उतरता काय, आत्याबाई?"

"नको. सवय करते."

माणसं वाचली. पण घरं गेली, गुरं गेली. आणि ज्या हरभऱ्यासाठी पाणी अडवलं, त्या हरभऱ्याची शेतं गाळाखाली गेली.

पाणी ओसरल्यावर सगळा गाव रिकाम्या तळ्यात जमला. तळाच्या चिखलात, जिथवर नजर जाईल तिथवर, काळे खडे पडले होते. किती पिढ्यांचे, देव जाणे. धोंडजी खाली वाकला. त्याने एक खडा उचलला, धोतराला पुसला आणि आक्काच्या हातात दिला. पुढच्या वर्षाची वाट न बघता तिथेच, चिखलात उभं राहून, चार आणि तीन पंच बसले. सातवी आक्का. पूर्ण बसली आणि एकही वाक्य न गाळता बोलली. नव्या बांधाच्या पायात त्यांनी ते सगळे खडे भरले. तेव्हापासून त्या गावात खडा फेकत नाहीत. आणि बांध अजून पाझरतो, पण स्वच्छ पाझरतो.

बोध हाच: ज्याची जितकी मतं, तितकी त्याला जागा द्या, कारण मत बुडवलं म्हणून त्याने पाहिलेलं भोक बुजत नाही.